एक कमी

सर्जन माझ्यावर ओरडले नाहीत, तिथून हे सगळं सुरू झालं. पोट शिवायची वेळ आली होती, मी रक्त टिपायचे गॉज मोजले आणि एक कमी भरला. आता यात जगावेगळं काही नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये अधूनमधून एखादा तुकडा दडी मारतोच. रक्तात भिजून गोळा झालेला असतो, चादरीच्या घडीत शिरतो, नाहीतर बादलीच्या कडेला चिकटून बसतो. तो सापडेपर्यंत पोट शिवायचं नाही, हा नियम. आणि मी "एक कमी आहे" म्हटलं की सर्जननी हातातली सुई तशीच धरून मास्कच्या आत दात-ओठ खायचे, "सिस्टर, मोजता येत नाही का तुम्हाला?" म्हणून खेकसायचं, मी पुन्हा मोजून "एक कमीच आहे" असं त्यांच्याहून वरच्या पट्टीत सांगायचं, हा आमचा इतक्या वर्षांचा शिरस्ता. त्या सकाळी मात्र ते मऊ आवाजात म्हणाले, "असू दे सिस्टर. सावकाश मोजा. हवं तर तुम्ही जरा बसा, दुसरं कोणी बघेल." बसा! इथे माणसाचं पोट उघडं आणि मी बसू? भूल देणाऱ्या बाईंनी मान खाली घातली. नव्या पोरीने माझ्या कोपराला हात लावला, मी काचेची असल्यासारखा. गॉज शेवटी त्या पोरीच्याच बुटाच्या तळाला चिकटलेला निघाला, तरी तिला कोणी एक शब्द बोललं नाही, कारण मी तिथे उभी होते. बाहेर येऊन हात घासत राहिले आणि एकदम लख्ख कळलं, की ही माणसं आता मला कधीच ओरडणार नाहीत. मी उद्या टेबलावरची कात्री रोग्याच्या पोटात विसरले तरी म्हणतील, असू दे. आदल्या आठवड्यात मला पदक मिळालं होतं ना! म्हणजे मला नव्हे, ढब्बूला. ढब्बू आमचा एकुलता एक. सैन्यात नर्सिंग असिस्टंट होता, गेल्या वर्षी लढाईत गेला, आणि त्याच्या शौर्याचं पदक घ्यायला आम्ही दोघं स्टेजवर चढलो होतो.

स्टेजवर एका अधिकाऱ्याने मानपत्र वाचलं. खणखणीत आवाज, एक अक्षर अडखळलं नाही. सुरुवातीला एक लांबलचक नाव आलं, ते ढब्बूचं आहे हे माझ्या अंमळ उशिराच लक्षात आलं, कारण त्या नावाने त्याला घरात कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. मग आलं, की भीती हा शब्द ज्याला ठाऊक नव्हता. मला वाटलं, बाई गं, चुकून दुसऱ्याच कोणाचं वाचतायत. भीती ठाऊक नव्हती? ढब्बूला? अहो, नर्सचा मुलगा असून इंजेक्शन म्हटलं की पलंगाखाली. तिथून त्याला ओढून काढायला ह्यांना आडवं व्हावं लागे, आणि तो पलंगाच्या पायाला अशी काही मिठी मारायचा की पलंगच सरकत पुढे यायचा. कुत्र्याला घाबरायचा, लिफ्टला घाबरायचा, अंधाऱ्या जिन्यात शिरताना मोठ्याने पाढे म्हणायचा. असला मुलगा मोठा होऊन दुसऱ्यांना सुया टोचायला सैन्यात गेला. मी म्हणायचे, सूड उगवायला गेलाय. आणि आता तो निर्भय! टाळ्या वाजल्या. माझ्या हातात पेटी दिली. पेटी देणाऱ्यांनी विचारलं, "आई, काही बोलणार?" मी मानेनेच नाही म्हटलं. काय बोलणार? की माझा मुलगा परत द्या, हा तुमचा वीर घेऊन जा? मनात अगदी हेच होतं, शब्दाला शब्द. वीर मला नकोच होता. मला तो पलंगाखालचा हवा होता, आणि जो तो येऊन त्याच्या अंगावर हा दुसरा, गुळगुळीत, न घाबरणारा कोणीतरी चढवत होता. रोज एक थर. आतला माझा दिसेनासा व्हायला लागला होता.

ह्यांचं उलट. हे म्हणजे माझे यजमान. जन्मभर लोकांच्या घरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले. मीटर वाचणाऱ्याशी कोणी बोलत नाही, त्यामुळे हे अर्धं वाक्य बोलून उरलेलं गिळायला शिकलेले. ढब्बूची बातमी आली तेव्हा यांनी भिंतीकडे तोंड केलं. जेवण नाही, अंघोळ नाही. मी ड्यूटीवरून यावं, दार उघडावं, तर हे सकाळी होते तसेच, त्याच कुशीवर. एकदाच बोलले. म्हणाले, "उगाच गेला का गं?" मग मानपत्राचा मसुदा घरी आला, त्यात ओळ होती: मागे राहिलेल्या जखमी साथीदाराला आणण्यासाठी ते पुन्हा बाहेर पडले. ती ओळ वाचून हे उठून बसले. खरंच, उठून बसले. चहा मागितला. "उगाच नाही गेला," म्हणाले, "कोणासाठी तरी गेला." त्या ओळीने माझा नवरा मला परत दिला, हे मी नाकारत नाही. तेव्हापासून ती ओळ यांना तोंडपाठ आहे. येईल त्याला म्हणून दाखवतात. गॅसवाला सिलिंडर ठेवून पैसे घेईपर्यंत उभा राहतो, तेवढ्यात त्यालाही. काचेच्या कपाटातले चांगले कप बाहेर काढून यांनी तिथे पदकाची पेटी ठेवली, आणि ते बिचारे कप आता ओट्याखाली बादलीत आहेत. पहिल्यांदाच यांच्याजवळ एक पूर्ण वाक्य आहे. ते वाक्य संपेपर्यंत मी शेजारी उभी राहते आणि मनात म्हणते, हो, हो, पण तो लिफ्टला घाबरायचा हे सांगा की कधीतरी.

मला आठवतं ते असलं, फुटकळ. जेवायला ताटं मांडायचं काम त्याच्याकडे असायचं. तेव्हा घरात सासूबाई होत्या, धाकटे दीर होते, घर कसं भरलेलं. मी थिएटरमधून यायचे ते मोजण्याचं खूळ डोक्यात घेऊनच. चमचे मोजायचे, पिशव्या मोजायचे, कुठून निघताना छत्र्या मोजायचे, बोट पुढे करून, मोठ्याने. ढब्बूने ते उचललं. दारात उभा राहून एकेकाकडे बोट करायचा: आजी, काका, बाबा, आई. तेवढी ताटं आणायचा, सरळ रांगेत मांडायचा, आणि सगळे बसले की हा आपला उभाच. ताट कमी. स्वतःचं ताट आणायचं हा पठ्ठ्या हटकून विसरायचा. सासूबाई म्हणायच्या, "आणि तू रे? वारा खाऊन राहणार?" मग तो असा काही गोंधळायचा! पुन्हा सगळ्यांकडे बोट करून मोजायचा, पुन्हा बरोबरच भरायची, आणि कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघायचा, की आई, चूक कुठे आहे? आम्ही हसून लोळायचो. पोरं अशा गोष्टी वाढत्या वयात सोडतात. याने सोडली नाही. शेवटच्या रजेवर आला तेव्हा घरात आम्ही तिघंच, खांदे दाराएवढे झालेले, मिशी आलेली, आणि ताटं आणली दोन. मी म्हटलं, "सैन्यात काय उपाशी ठेवतात की काय तुला?" तर लाजला आणि माझ्याच ताटात बसला. एका ताटात जेवलो. त्याने माझ्या वाटचं लोणचंसुद्धा खाल्लं, मेल्याने. हे असलं मानपत्रात घालत नाहीत. घालावं असं माझं म्हणणंही नाही. पण मग ते असतं तरी कुठे? माझ्या एकटीच्या डोक्यात, आणि मी आता विसरायच्या वयाला आले.

तर सर्जन ओरडले नाहीत त्याच्या दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती, आणि दुपारी एक उंच मुलगा दारात येऊन उभा राहिला. एका कानाच्या मागे केस नव्हते, तिथे नवी गुलाबी कातडी. म्हणाला, "काकू, मी ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. त्याच्या गाडीचा." काकू म्हणाला, आई नाही म्हणाला, तेवढ्यावरच मला तो आवडला. हल्ली रस्त्यावरचा कोणीही मला आई म्हणतो. ह्यांना तर काय करू आणि काय नको झालं. त्याला कपाटापाशी नेलं, पेटी दाखवली, तो खाली बसायच्या आत मानपत्राची ओळ म्हणून झाली, आणि मग घरात बिस्किटं नाहीत हे लक्षात आल्यावर चपला अडकवून स्वतःच खाली धावले. मी म्हटलं, अहो, राहू द्या, ब्रेड आहे. ऐकतायत कसले. ढब्बूच्या माणसाला ब्रेड कसा द्यायचा!

हे गेल्यावर ड्रायव्हर खुर्चीत पुढे सरकला. चहाचा कप दोन्ही हातांत धरून. मी त्याला बोलायची घाई केली नाही. भूल उतरताना माणसाला प्रश्न विचारायचे नसतात. मग तो म्हणाला, "काकू, एक विचारू? तो कोणाला आणायला गेला होता?" मी म्हटलं, "म्हणजे? तिथे तू होतास की मी?" तो म्हणाला, "मी होतो, म्हणून तर विचारतोय." आणि मग त्याने सगळं सांगितलं, मधे न थांबता, जिन्याकडे कान ठेवून. जखमी घेऊन त्यांची गाडी चालली होती. निघताना ढब्बूने याला आकडा सांगितला होता, की आपण दोघं धरून गाडीत एकूण इतके जण, लक्षात ठेव. वाटेत तोफगोळे पडायला लागले, गाडी उलटली, रस्त्याच्या पलीकडे एका पडक्या इमारतीचं तळघर होतं. ढब्बूने एकेकाला ओढत, पाठीवर घेत तळघरात आणलं. यालासुद्धा त्यानेच आणलं, याच्या कानाची वाट लागली होती, डोकं गरगरत होतं. "आत मिट्ट काळोख, काकू. तो भिंतीला धरून सगळ्यांपाशी गेला. एकेकाच्या डोक्याला हात लावून मोठ्याने मोजत होता. माझ्याही डोक्याला लावला. शेवटी म्हणाला, एक कमी आहे. मी म्हटलं, सगळे आलेत रे. तर पुन्हा पहिल्यापासून मोजलं. म्हणाला, नाही, एक कमीच आहे. आणि गेला." बाहेर जाऊन तो हाका मारत होता, तेवढं याला दुसऱ्या कानाने ऐकू येत होतं. कोण राहिलंय रे? आवाज दे. घाबरू नकोस, मी आलोय. एवढंच, पुन्हा पुन्हा. आणि मग हाका थांबल्या. "गोळे पडायचे थांबल्यावर मी बाहेर गेलो आणि त्याला खांद्यावर घालून आत आणलं. अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, राहिलेल्या जखमीला आणायला गेला होता. त्यांनी तसं लिहिलं. पण काकू, गाडीतले सगळे वाचले, आणि मी त्या एकेकाच्या घरी जाऊन आलोय. सगळे आतच होते. मग बाहेर कोण होतं? दुसऱ्या कुठल्या तुकडीतला कोणी असेल? त्याला दिसला असेल? तो अजून तिथेच पडलाय असं वाटतं मला. डोळे मिटले की वाटतं, आपण एकाला सोडून आलो. ढब्बूने जीव दिला ज्याच्यासाठी, त्याला मी सोडून आलो."

तो ढब्बू म्हणाला. सैन्यातही ढब्बूच होता तर. माझं मन आधी त्या शब्दालाच धरून बसलं, पुढचं आत शिरेना. आणि मग शिरलं. एका क्षणात, कोणी कानात सांगावं तसं. काळोखात तो भिंतीला धरून चाललाय, हात पुढे, एक डोकं, दुसरं डोकं, आणि हात नेहमी पुढेच असतो ना! मोजणाऱ्याचं बोट समोर असतं. मी आयुष्यभर टेबलावरचं सगळं मोजलं, सुया, कात्र्या, चिमटे, गॉज, पण माझे स्वतःचे हात कधी मोजले? त्याला स्वतःला धरून आकडा पाठ होता. आणि डोकी मोजताना त्याने ताटं मांडली. आजी, काका, बाबा, आई. अरे मूर्खा! अरे ठोंब्या! मोठ्याने ओरडणार होते मी, तोंडावर पदर दाबला. सगळे आत होते रे, तूच तेवढा राहिला होतास मोजायचा! स्वतःलाच हाका मारत फिरलास बाहेर? घाबरू नकोस, मी आलोय, हे कोणाला सांगत होतास? असल्या वेड्यांच्या गोष्टी लहान मुलांना हसवायला सांगतात, आणि खरं सांगते, माझ्या छातीतून जे वर आलं ते आधी हसूच होतं. सासूबाई असत्या तर त्याही हसल्या असत्या. तो तिथे उभा असेल, कपाळाला आठ्या घालून, की चूक कुठे आहे. कोणीही म्हणालं असतं की अरे, तू? एवढंच कोणीतरी म्हणायला हवं होतं. ते म्हणणारी माणसं सगळी इथली, या घरातली, आणि तिथे काळोखात होते कान फुटलेले, बेशुद्ध, कण्हणारे. मग हसू कुठेतरी अडकलं आणि मी कपाटाला धरून उभी राहिले. पण तेवढ्यातही, देवा, मला क्षमा असो, एक आनंद झाला. हा माझाच होता! हाच तो. पाढे म्हणत अंधाऱ्या जिन्यात शिरणारा, थरथरत, कारण आत कोणीतरी आहे आणि त्याला आपल्याहून जास्त भीती वाटत असेल. थरांखालचा माझा मुलगा मला सापडला होता, आणि सापडला तो असा.

"काकू, काय झालं?" ड्रायव्हर उठून उभा राहिला होता. मी त्याला हाताने बस म्हटलं. खाली जिन्यात ह्यांच्या चपला वाजल्या. आमच्या घराचा जिना लांब आहे आणि हे मधल्या वळणावर दम खातात. तेवढाच वेळ माझ्याजवळ होता. या मुलाला सांगायलाच हवं, हे तर उघड होतं. नाही सांगितलं तर हा जन्मभर त्या न मिळालेल्या माणसाला शोधत बसेल, आणि बाहेर कोणी नाहीच. पण हे? ह्यांना सांगू, की तुमचं ते एक वाक्य खोटं आहे? जखमी साथीदार नव्हताच, आपला वेंधळा पोरगा हिशेबात स्वतःला विसरला आणि मेला? हे पुन्हा भिंतीकडे तोंड करतील, आणि या वेळी उठणार नाहीत. थिएटरमध्ये बरं असतं. एक कमी असला की मोठ्याने सांगायचं, कोण काय म्हणेल ते म्हणो. इथे कोणाचं पोट उघडं ठेवू? माझ्या माणसाचं, का या परक्या पोराचं? मला राग आला, ढब्बूचा, खराखुरा राग, पहिल्यांदाच त्याच्या मरणानंतर. हे सगळं माझ्यावर टाकून गेलास ना!

हे आत आले, धापा टाकत, दोन प्रकारची बिस्किटं घेऊन. बशीत काढली, चार याच्यापुढे, दोन पुन्हा जास्तीची. खुर्ची ओढून ड्रायव्हरच्या समोर बसले आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं तुम्ही आलात. तुम्ही तिथे होता, तुम्हाला माहीत असणार. तो साथीदार, ज्याच्यासाठी आमचा परत गेला, त्याचं पुढे काय झालं हो? मानपत्रात लिहिलेलंच नाही. त्या दिवशी मी स्टेजच्या मागे दोघांना विचारलं, कोणी नीट सांगेना. त्याला एकदा भेटावं असं फार वाटतं. बाकी काही नाही, नुसतं बघायचं."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी सांगते," मी म्हटलं. माझा आवाज मला थिएटरमधल्यासारखा वाटला, सरळ. "आत्ता हाच सांगत होता मला. होता एक जण बाहेर. सगळ्यांना आत आणायच्या गडबडीत तो तेवढा मोजायचा राहिला. ढब्बूला कळलं, एक कमी आहे. बरोबर होतं त्याचं. एक कमीच होता."

"मग? सापडला नाही त्याला?"

"त्याला नाही सापडला. ह्याला सापडला." मी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "गोळे थांबल्यावर हा बाहेर गेला, आणि त्या राहिलेल्याला खांद्यावर घालून ह्यानेच आत आणलं. कळलं का रे? तू कोणाला सोडून आला नाहीस. बाहेर एकच होता, आणि त्याला तूच आणलंस."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचे ओठ हलायला लागले, आवाज न करता, आणि मांडीवरचा त्याचा हात वर आला, हवेत थोडा थोडा पुढे सरकत, एकेका डोक्यावर ठेवल्यासारखा. सगळी डोकी झाली. हात थांबला, घुटमळला. मी मान डोलावली. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो एवढा मोठा उंच मुलगा खुर्चीत असा हुंदके द्यायला लागला की बशी खाली पडली.

हे गडबडून उठले. बिस्किटांवर पाय पडला तरी त्यांना कळलं नाही. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "अहो, रडता काय? केवढं मोठं काम केलंत तुम्ही! आमच्या पोराने जे अर्धं सोडलं ते तुम्ही पुरं केलंत. हे कोणी कसं लिहिलं नाही?" मग माझ्याकडे वळले, आणि यांच्या डोळ्यांत अशी आशा होती, की मला बघवेना. "आणि तो? वाचला ना गं तो?"

"नाही," मी म्हटलं. "वाचला नाही. पण बाहेर राहिला नाही."